बायजेचे नखरे

रुक्मिणीकाकीच्या मांजरीचं नाव बायजा. मुळात ते काकीच्या एका चुलत नणंदेचं नाव. ती नणंद जेवायला बसली की ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायची आणि मग ताट चाटूनपुसून उठायची. काकीने तिचं नाव मांजरीला दिलं, आणि नणंद वारली तरी बदललं नाही. भटवाडीतल्या आमच्या चाळीत काकीची खोली माझ्या खोलीला लागूनच. मी ब्लाउज शिवते, आणि उजेडासाठी मशीन दारातच ठेवलेलं असतं. त्यामुळे बायजेच्या जेवणाचा तमाशा मला दोन्ही वेळा फुकटात बघायला मिळायचा.

तमाशाच म्हणायचा. बायजेला करवंटीतच जेवण लागायचं, थाळीत वाढलं तर ती थाळीकडे पाठ करून बसायची. भात गरम असला तर पंजाने करवंटी ढकलून द्यायची आणि गार झाला तर तोंड लावायची नाही. माशाचा काटा राहिला की काकीकडे अशी बघायची, जणू काकी तिच्याकडे पगारी कामाला होती. बांगडा चालायचा, बोंबील नाही. आणि एवढं सगळं मनासारखं झालं तरी पहिला घास काकीने खायचा. काकी स्वतःच्या तोंडात घास घालायची, चावून दाखवायची आणि म्हणायची, "आधी माजो घास, मगे तुजो." मग बाईसाहेब खाली वाकणार. मला त्या मांजरीचा राग यायचा, आणि तिचे लाड करणाऱ्या काकीचाही. सुनेला एवढं विचारते का, असं मनात यायचं.

सून मालन. देवगडकडची, अंगाने बारीक, बोलायला मऊ. लग्न झाल्यापासून दोनदा तिचं पोट राहिलं आणि दोनदा रिकामं झालं. पंच्याऐंशीच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा काकीने कोणाला सांगितलं नाही. पाचवा लागल्यावर एक दिवस माझ्या मशीनजवळ येऊन बसली आणि तिच्याच्याने राहवलं नाही. हे मूल जगायला हवं, एवढंच तिने मला सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. मालनला पुन्हा तसं झालं तर ती उठायची नाही, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

काकीचा मुलगा जयवंत गिरणीत होता. संपात गिरणी बसली, त्यानंतर तो बराच काळ घरी बसून होता. बायकोसमोर जेवायला बसायची त्याला लाज वाटायची, इतकी वाईट दशा. शेवटी विक्रोळीच्या बाजूला एका कंपनीच्या गोदामात चिकटला. पिकावर फवारायची कीडनाशकं तिथून गावोगाव जायची. तिथे म्हणे उंदीर नाही, झुरळ नाही, मुंगीसुद्धा नाही. जयवंत हे मोठ्या कौतुकाने सांगायचा. एवढी स्वच्छ जागा आख्ख्या मुंबईत नसेल, म्हणायचा.

मे महिन्याच्या शेवटी त्या गोदामातून त्याने एक पिंप आणलं. पत्र्याचं, कमरेएवढं उंच, वर घट्ट बसणारं झाकण आणि झाकणाला लोखंडी कडं. रिकामी पिंपं कामगारांना देऊन टाकत, आणि त्यावर सगळ्यांच्या उड्या पडत. नव्या नोकरीतून घरात आलेली ती पहिली वस्तू. जयवंतने नळावर बसून ते राखेने घासलं, चिंचेने घासलं, मग दोन दिवस पत्र्यावर उन्हात उलटं घातलं. चाळीतल्या बायका झाकण उघडून बघून गेल्या. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही तसं एक हवंसं वाटलं.

त्यात कसलं औषध होतं हे त्याने लपवलं नाही. भातावरच्या किडीचं, म्हणाला. काकी हसली. "भातार मारूचा औषध भाताक काय करतला?" असं म्हणून तिने गावाहून आलेलं उकड्या तांदळाचं पोतं त्या पिंपात रिकामं केलं. पावसाळ्याची बेगमी झाली. एरवी दरवर्षी ऑगस्ट उजाडेपर्यंत तिच्या तांदळाला जाळी धरायची आणि आम्ही दोघी सुपं घेऊन किडे वेचत बसायचो. या वर्षी ते काम चुकणार म्हणून मी खूश होते.

पहिल्याच आठवड्यात बायजेने करवंटीकडे बघितलं, नाक पुढे केलं आणि मागे सरकली.

त्याचं कोणाला काहीच वाटलं नाही. बायजा आणि नाक मुरडणं यात नवीन काय होतं? काकीने भात गार केला, गरम केला, बांगड्याचं डोकं कुस्करून घातलं. स्वतः घास खाऊन दाखवला, एकदा सोडून चारदा. बायजा बसून बघत राहिली. शेवटी तिने करवंटीच्या कडेची फरशी पंजाने खरवडली, घाण पुरताना मांजरं करतात तशी, आणि बाहेर निघून गेली. मला हसू आलं. भूक लागली की येईल झक मारत, असं मी काकीला म्हटलं.

त्याच सुमाराला मालन म्हणाली, "आये, भाताक वास येता." कसला वास, तर तिला सांगता येईना. लसणीसारखा, पण लसणीचा नाही. काकीला वास येण्याचा प्रश्नच नव्हता, तपकीर ओढून ओढून तिचं नाक कधीच गेलं होतं. जयवंत दुपारी कंपनीच्या कँटीनमध्ये जेवायचा आणि रात्री दमून यायचा, पुढ्यात येईल ते गिळायचा. मालनला डोहाळे लागलेत, पोटुशी बाईला पाण्यालासुद्धा वास येतो, असं काकीने ठरवून टाकलं. आता घरात दोन नखरेल झाल्या, एक दोन पायांची आणि एक चार पायांची, असं ती मला सांगायची. तेव्हा ती हसतच सांगायची.

बायजा उपाशी मात्र नव्हती. सकाळी भांडुपच्या खाडीकडून सोनूबाई कोळीण पाटी घेऊन यायची. ती जिन्यापाशी पाटी उतरवायची आणि मासे कापताना डोकी, शेपट्या बाजूला टाकायची. बायजा आधीच तिथे हजर. जी मांजर काकीच्या हातचा, भातात कालवलेला, काटे काढलेला बांगडा हुंगून परत फिरत होती, ती सोनूबाईच्या पायाशी बसून बोंबलाची डोकीसुद्धा कराकरा खायची. काट्याची तक्रार नाही, कोणी आधी घास खाऊन दाखवायला नको. काकीने हे एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा तिचं हसू मावळलं.

आता काकीच्या गावाकडचे लोक आपल्यासारखेच, वाईट नाहीत. पण गावाहून येताना पोत्यातून तांदळाबरोबर नजरेच्या, करणीच्या काय काय समजुती येतात ते मला ठाऊक आहे. सोनूबाईने मागे एकदा मालनच्या पोटाला हात लावून मुलगा होणार असं म्हटलं होतं. सोनूबाई बोलायला फटकळ, पण मायेची बाई. ते बोलणं काकीला आता आठवलं, आणि नजर लागली ती तिथूनच, असं तिला वाटू लागलं. त्यात मालनच्या पोटात कळ यायला लागली होती. तोंडाला पाणी सुटायचं, उशी भिजायची. डोळ्यांना धारा लागायच्या. ताट धुताना तिच्या हातातून दोनदा वाटी पडली. काकीचंही डोकं दुखायचं आणि डोळे झोंबायचे, पण ते तिने मोतीबिंदूवर घातलं. मुक्या जनावराला आधी कळतं, असं ती मला दबक्या आवाजात म्हणाली. घरात काहीतरी शिरलंय, म्हणून बायजा घरचं खात नाही.

आणि बघा, इथपर्यंत ती बरोबर होती. मला आजही याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो. घरात काहीतरी शिरलं होतं. मांजरीला कळलं होतं. काकीलाही कळलं होतं.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी तिने नारळ आणला. देवाच्या फळीसमोर जयवंतला उभं केलं, मालनला पाटावर बसवलं आणि मला दारात थांबवलं. गाऱ्हाण्याला होकार द्यायला चार माणसं लागतात. काकी एरवी घसा बसल्यासारखी बोलायची, त्या दिवशी तिचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

"बा देवा म्हाराजा, भायरसून जा काय माज्या घरात इला आसात, ता भायरच्या भायर जाव दे."

"व्हय म्हाराजा," जयवंत म्हणाला. मीही म्हणाले. मालनचे ओठ हलले, आवाज आला नाही. फळीच्या खाली, भिंतीला टेकून, पिंप उभं होतं. त्याच्या झाकणावर काकीने समई ठेवली होती.

देवाला शब्द दिला म्हणून काकीने नेम केला. मूल हातात येईपर्यंत मालनच्या तोंडात बाहेरचं काही जाणार नाही. सोनूबाईला तिने दारावरून परत पाठवलं, आणि ते चांगल्या शब्दांत नव्हे. सोनूबाई मला म्हणाली की म्हातारीचं डोकं फिरलंय, आणि पाटी उचलून दुसऱ्या चाळीकडे वळली. कोपऱ्यावरच्या इराण्याचा पाव बंद झाला. भैयाचं दूध बंद. मी पपनस घेऊन गेले तर तेही उंबऱ्यावरून परत. मालनसाठी फक्त घरचं, म्हणजे तिन्ही त्रिकाळ उकड्या तांदळाची पेज, भात, आणि पेजेबरोबर भाजलेली सुकट. पिंपातला तांदूळ आणि पिंपाच्या वर टांगलेली सुकट.

मालनला ते जायचं नाही. ताट समोर आलं की तिची मान आपोआप वळायची. मग काकी तिच्यासमोर मांडी घालून बसायची. चमच्याने पेज घ्यायची, आधी स्वतः प्यायची, मग तिच्या तोंडाशी धरायची. आधी माजो घास, मगे तुजो. मला मशीनवरून ऐकू यायचं. आवाजात एवढी माया होती की माझी सुई थांबायची. सुनेला एवढं विचारते का, असं मी म्हणायचे ना? आता विचारत होती. मांजरीसारखंच विचारत होती. आणि मालन बिचारी सासूचं मन मोडवत नाही म्हणून गिळायची.

पावसाळा पुढे सरकला. चाळीत सगळ्यांच्या साखरेला मुंग्या लागल्या, माझ्या गव्हात किडे झाले, कोणाच्या डाळीला जाळी धरली. काकीच्या पिंपाजवळून मुंग्यांची रांग वळसा घेऊन जायची. काकी झाकण उघडून मला दाखवायची. तांदूळ कसा मोत्यासारखा, एक किडा नाही. मी तोंड भरून कौतुक केलं.

बायजा दिवसेंदिवस वाळत गेली. सोनूबाई येईनाशी झाल्यावर तिचे ते मासेही गेले. तरी ती जेवणाच्या वेळेला यायची, करवंटीपासून हातभर अंतरावर बसायची आणि काकी मालनला भरवत असताना दोघींकडे टक लावून बघायची. मग ओरडायची. नेहमीचं म्यांव नव्हे, घशातून ओढून काढलेलं काहीतरी. काकी तिला लाटणं फेकून मारायची. एकदा मालन मला म्हणाली, हिला बघितलं की मला भीती वाटते, आणि हिची दयाही येते. आम्ही दोघीच तेवढ्या जेवायला नको म्हणतो.

गणपतीच्या आधी एका दुपारी मालन मोरीपाशी पडली. हातपाय थाडथाड उडत होते, तोंडातून फेस, अंग घामाने चिंब. जयवंत कामावर. मी आणि काकीने तिला रिक्षात घालून पालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. तिथला तरुण डॉक्टर बॅटरीने तिच्या डोळ्यांत बघत राहिला आणि मग काकीला म्हणाला की यांनी बाहेरचं काही खाल्लं होतं का, नीट आठवून सांगा.

काकी ताठ उभी राहिली. "भायलो एक दाणो तिका देऊक नाय, डाक्टर. सगळा घरातला."

घरात ढेकणांसाठी काही मारलं होतं का, असंही त्याने विचारलं. नाही म्हटलं, कारण मारलं नव्हतंच. त्याने मान हलवली, काहीतरी पुटपुटला आणि सुई भरायला लावली.

मालन वाचली. पोटातलंही वाचलं. पहिले काही दिवस तिला सलाईनवर ठेवलं, मग हॉस्पिटलचं जेवण सुरू झालं, पाणीदार डाळ आणि चिकट भात. आणि ती त्या जेवणावर सुधारली. डोळ्यांचं पाणी थांबलं. हात स्थिर झाला. मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. आत लाथ बसली, चांगली जोरात. मला तिथेच रडू फुटलं. देवाने गाऱ्हाणं ऐकलं, असं काकी सगळ्यांना सांगत सुटली. मलाही तसंच वाटलं.

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की उद्यापासून घरचं हलकं जेवण द्यायला हरकत नाही. मी निघताना मालनने उरलेला भात एका डब्यात भरून माझ्याकडे दिला. अन्न टाकवत नाही, बायजेला घाला, म्हणाली. खाईल की नाही कोण जाणे, पण माझी आठवण म्हणून घाला. घरी येऊन मी तो डबा काकीच्या ओट्यावर ठेवला आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी काकीने अंघोळ करून चूल पेटवावी तशा भक्तीने स्टो पेटवला. मऊ भात केला, पेज वेगळी काढली, तीन कप्प्यांचा डबा भरला. जयवंतने सुट्टी घेतली होती. डबा घेऊन तो गेला. काकी हात पुसत बाहेर आली, तेव्हा तिला कालच्या डब्याची आठवण झाली. झाकण उघडून तिने मला तो भात दाखवला. शिळा, गोळा झालेला, मिठाचा पत्ता नाही. ही महाराणी याला हुंगणारसुद्धा नाही, म्हणाली, आणि करवंटीत उपडा केला.

बायजा आली. करवंटीत तोंड घातलं. घास घेऊन दाखवायला काकीला वेळच मिळाला नाही. कानामागची हाडं हलत होती इतकी ती भराभर खात होती. करवंटी संपली, तिने ती चाटली, चाटता चाटता फरशीवर ढकलत नेली.

काकीला आधी रागच आला. हॉस्पिटलचा शिळा भात चालतो आणि माझा नाही? तिने पातेल्यातला ताजा भात काढला, फुंकून कोमट केला, करवंटीत घातला, पहिला घास स्वतः खाल्ला. बायजा पुढे आली, हुंगलं आणि मागे सरकली. पंजाने फरशी खरवडली.

"थांबा काकी," मी म्हटलं. का म्हटलं ते मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. मी माझ्या खोलीतून रेशनच्या तांदळाचा भात आणला, तोसुद्धा गार झालेला. दुसऱ्या करवंटीत घातला. बायजेने तो खाल्ला, सगळा.

दोन करवंट्या शेजारी शेजारी होत्या. एक रिकामी, एक भरलेली. काकी त्यांच्याकडे बघत उकिडवी बसली होती. मग तिची नजर वर गेली, फळीकडे, आणि फळीवरून हळूहळू खाली, पिंपाकडे. मुंग्यांची रांग भिंतीवरून येत होती आणि पिंपापाशी वळसा घेत होती. काकी उठली. झाकण उघडलं, मूठभर तांदूळ घेतला, आणि ज्या नाकाला काही कळत नव्हतं त्या नाकाशी धरला.

"शकू," ती म्हणाली, "ह्या मांजराक नखरे नाय होते गो."

हातातला तांदूळ तसाच मुठीत घेऊन ती बाहेर पडली. चपला नाहीत. मी मशीन उघडं टाकून तिच्या मागे. उतार धावत उतरलो, नाक्यावर रिक्षा मिळेना, मिळाली ती सिग्नलला अडकली. काकीने वाटभर मूठ सोडली नाही. हॉस्पिटलच्या दारात रखवालदाराने अडवलं, वेळ झाली नाही म्हणाला. मी त्याच्या अंगावर ओरडले आणि काकी त्याच्या हाताखालून आत गेली.

बायकांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. आम्ही पोचलो तेव्हा जयवंत खाटेच्या कडेला बसून रुमालाने मालनचं तोंड पुसत होता. गिरणी बंद पडल्यापासून मी त्याचा चेहरा इतका उजळलेला पाहिला नव्हता. त्याने आईला बघितलं आणि डब्याचे तिन्ही कप्पे वाकवून तिला दाखवले.

"आये, सगळो डबो खाल्ल्यान. आधी माजो घास, मगे तिचो."

काकीची मूठ उघडली. तांदूळ फरशीवर सांडला.

मालन उशीला टेकून हसत होती. "आज मी नखरे करूक नाय, आये," ती म्हणाली. डोक्यावर पंखा फिरत होता, आणि तिच्या कपाळावर घाम यायला लागला होता.